पुश-आउटचा आकडा सीलरचा की गटापर्चाचा?

मोलर_मास्तर:
आणखी एक सिनॉप्सिस (पीजीच्या प्रबंधाचा आराखडा) टेबलावर आलाय: तीन सीलर (रूट कॅनालमध्ये भरण आणि दाताची भिंत यांच्यामध्ये लावायचा चिकट लेप), तीस दात, पुश-आउट टेस्ट. गटापर्चाला, म्हणजे कॅनालमधल्या रबरासारख्या भरणाला, कोणता सीलर घट्ट धरतो, हे म्हणे यातून ठरणार. मला पटत नाही. मुळाची १ मिमी जाडीची चकती कापायची आणि निमुळत्या बाजूने भरणावर प्लंजर (बारीक दांडी) दाबायचा, भरण बाहेर ढकललं जाईपर्यंत. छिद्र ०.८ मिमीचं असेल तर चिकटलेली भिंत जेमतेम २.५ चौरस मिमी. ५ न्यूटनला भरण सुटलं की लिहा २ मेगापास्कल. पण गटापर्चा मऊ. दाबला की आधी आडवा फुगतो आणि भिंतीला घासतो. तो आकडा चिकटपणाचा कसा?

रेझिनवाली:
सर, गटापर्चाऐवजी भरायचं ते रेझिलॉन विसरलात? २००४च्या सुमारास आलं, दात-सीलर-भरण सगळं एकजीव, ‘मोनोब्लॉक’ म्हणे. २००५मध्ये पुश-आउट केलं तर एएच प्लस हा रेझिन सीलर आणि साधा गटापर्चा हीच जोडी सरस निघाली. ही टेस्ट नसती तर कंपनीच्या पत्रकावरच भिस्त होती.

तालुक्याचा_डॉक्टर:
पेशंटच्या दाढेत प्लंजर कोण घालतो हो? माझ्याकडे आरसीटी (रूट कॅनाल) फसते ती वरच्या दाढेतला एमबी-टू, म्हणजे सहज न दिसणारा जादा कॅनाल, सुटल्यामुळे, नाहीतर पेशंट कॅप बसवायला सहा महिने फिरकत नाही म्हणून. उलट बायोसिरॅमिक सीलर इतका धरतो की परवा जुनं भरण काढताना घाम फुटला. जास्त मेगापास्कल म्हणजे जास्त चांगलं, हे कुणी ठरवलं?

मोलर_मास्तर:
रेझिलॉनचं मान्य. पण तिथे दोन भरणांची तुलना होती. इथे भरण एकच आणि प्रश्न सीलर-गटापर्चाच्या सांध्याचा. मग गटापर्चाच्या दोन सपाट चकत्यांमध्ये सीलर घाला आणि आडवं सरकवून तोडा. आयएसओ ६८७६ हे सीलरचं आंतरराष्ट्रीय मानक थराची जाडी ५० मायक्रॉनच्या आत मागतं, चिकटण्याबद्दल त्यात चकार शब्द नाही. म्हणून जो तो आपली पद्धत काढतो.

रेझिनवाली:
सपाट चकतीत कॅनालचा आकार कुठे आला? रेझिन आकसताना ताण पडतो तो बंद नळीत. काचेच्या पट्टीवर पोहायला शिकवताय.

पीजी_दुसरं_वर्ष:
सर, तो सिनॉप्सिस माझाच आहे 🙈 दात जमवून झालेत. बदलू का?

मोलर_मास्तर:
दात फेकू नका! चकत्या कापाच. फक्त प्रत्येक चकती तुटल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली बघा: सीलर दाताच्या भिंतीवर राहिला, गटापर्चावर राहिला, की मधूनच फाटला. तो रकाना मेगापास्कलच्या आधी हवा.

रेझिनवाली:
यावर मात्र +१.