‘इझनल’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : अ‍ॅक्सेसमधला डेटाबेस एसक्यूएल सर्व्हरवर नेतोय (दोन्ही मायक्रोसॉफ्टचे माहिती साठवण्याचे प्रोग्रॅम). सहकाऱ्यांसाठी मराठीत टिपण लिहायचंय. बिल्ट-इन फंक्शनला, म्हणजे प्रोग्रॅममध्ये तयार मिळणाऱ्या आज्ञेला, ‘अंगभूत फलन’ म्हणू का? ती बदलण्याला रूपांतर म्हणायचं की भाषांतर? आणि ‘नल’ला शून्य लिहिलं तर चालेल? दोन्हीकडच्या ‘इझनल’ फंक्शनला काय म्हणावं?

— शून्य अजिबात नको. वर्गणीच्या रकान्यात ० म्हणजे वर्गणी आली नाही. नल म्हणजे आली की नाही याची नोंदच नाही. नल शब्दच राहू द्या. ‘फलन’ गणिताच्या पुस्तकात शोभतं, कामाच्या टेबलावर सगळे फंक्शनच म्हणतात. ‘अंगभूत फंक्शन’ लिहा.

— माझं मत भाषांतराला. मजकुराचा तुकडा काढणाऱ्या मिडला सर्व्हरवर सबस्ट्रिंग, आत्ताची तारीख-वेळ देणाऱ्या नाऊला गेटडेट, हे सरळ प्रतिशब्द झाले. पण भाषांतरात फसवे शब्दही भेटतात. ‘शिक्षा’ मराठीत दंड, हिंदीत शिक्षण! इझनल अगदी तसा. अ‍ॅक्सेसमध्ये तो प्रश्न विचारतो : किंमत नल आहे का? उत्तर हो किंवा नाही. सर्व्हरवर तो बदली किंमत देतो, म्हणजे अ‍ॅक्सेसच्या एनझेडचं काम करतो. तिथे इझनलला एकच किंमत दिलीत तर निदान एरर येते. मजकुरात शब्द कितव्या जागी आहे ते सांगणारा इनस्ट्र मात्र गुपचूप दगा देतो. त्यात आधी मजकूर, मग शोधायचा शब्द. त्याच कामाच्या, सर्व्हरवरच्या चारइंडेक्समध्ये नेमकं उलट. क्रम तोच ठेवलात तर एरर नाही, बहुतेक वेळा नुसतं ० येतं. आकडा पूर्णांकात आणणाऱ्या राउंडचं तर नावही बदलत नाही, पण २.५ चे अ‍ॅक्सेस २ करतं आणि सर्व्हर ३.

— एनझेड दिसला की डोळे झाकून इझनल लिहू नका, ही कळकळीची विनंती. रक्तदात्यांच्या यादीत माझा रक्तगटाचा रकाना चार अक्षरांचा होता. नल असेल तिथे ‘नोंद नाही’ छापायला इझनल लावला. यादीत आलं ‘नोंद’! इझनल उत्तर पहिल्या रकान्याच्या लांबीत बसवतो, आणि तिथे काना, मात्रा, अनुस्वार वेगवेगळे मोजले जातात : न, ओकाराची मात्रा, अनुस्वार, द. झाले चार, पुढचं कापलं. अर्थच उलटा झाला. त्याऐवजी कोअलेस (बदली किंमत देणारंच, सर्व्हरवरचं दुसरं फंक्शन) वापरल्यावर पूर्ण ‘नोंद नाही’ आलं.

प्रश्नकर्ता : माझ्याकडेही गावाचा रकाना आखूडच आहे, तिथे कोअलेसच घेतो. टिपणात अ‍ॅक्सेसच्या इझनलपुढे ‘नल आहे का?’ आणि सर्व्हरच्या इझनलपुढे ‘नल असल्यास बदली’ असं लिहितोय.