वळवाच्या सरीनंतर तलावात मासे का मरतात?

प्रश्न (पाचपाखाडी, ठाणे): सोसायटीलगतच्या तलावात वळीव कोसळला की दुसऱ्या पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात, उजाडेपर्यंत कित्येक तरंगत असतात. पाणी हिरवंगार आहे. काही जण म्हणतात कुणी विष कालवलंय. ओळखायचं कसं?

उत्तर १: आधी मेलेले मासे नीट बघा. मोठे कटला-रोहू गेलेत आणि तिलापिया तगून आहे, तर बहुतेक प्राणवायू संपलाय. तिलापिया फार कमी प्राणवायूवरही जगतो. विषाने सहसा लहानमोठे सगळेच जातात, आणि तेही कुठल्याही वेळी.

हिरवं पाणी म्हणजे शेवाळ. ते दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री स्वतःच वापरतं, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. त्यात पाणी जितकं गरम तितका तो कमी विरघळतो: 25 अंशांना लिटरमागे सुमारे 8.2 मिलिग्रॅम, 30 ला 7.5. माशांना 5 तरी हवा, 3 च्या खाली ते धापा टाकतात. वळवाचं थंड पाणी जड, ते खाली जातं आणि तळाचं कुजकं पाणी वर ढकलतं. सडक्या अंड्यांचा वास आला तर हेच समजा. गटारातली घाण त्याच पावसात येते, ती कुजतानाही प्राणवायू लागतो.

उत्तर २: दुपारी प्राणवायू मोजाल तर आकडा छान येईल आणि फसाल. पहाटे 5 ते 6, अर्धा मीटर खोलीवरून 300 मिलीची बाटली बुडबुडा न राहू देता भरा. काठावरच 2 मिली मँगनीज सल्फेट, मग 2 मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड (दोन्ही मिळून प्राणवायू साक्यात पकडून ठेवणारी रसायनं), पिपेटचं टोक पाण्यात बुडवून सोडा. बूच लावून हलवा. साका पांढराच राहिला तर प्राणवायू जवळपास नाही, तपकिरी झाला तर आहे. नेमका आकडा प्रयोगशाळेत काढून घ्या.

प्रश्नकर्ता: धन्यवाद. मोरचूद किंवा चुना टाकायचं घाटतंय. चालेल?

उत्तर ३: कृपा करून दोन्ही थांबवा. मोरचुदाने शेवाळ एकदम मरतं आणि कुजताना उरलासुरला प्राणवायू खातं. चुन्याने पीएच (पाणी किती आम्ल-अल्क याचं माप) चढतो, मग पाण्यातलं अमोनियम विषारी अमोनियात बदलतं: 30 अंशांना पीएच 8 असेल तर सुमारे साडेसात टक्के, 9 ला 45 टक्के.

कारंजं असेल तर ते संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी चालवतात. माशांना ते मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत हवं. पंपाचं तोंड गाळापासून वर ठेवा, नाहीतर तळ ढवळून उलट हानी होईल. मेलेले मासे त्याच सकाळी जाळीने काढा. निर्माल्य आणि माशांना घातले जाणारे पाव बंद करा, आणि पावसाळ्याआधी गटाराचं तोंड तलावाबाहेर वळवून घ्या. ते वळल्याशिवाय हिरवेपणा हटणार नाही.