डुकराचं पिल्लू खच्ची करायचंच कशाला?

सांगेकर: सकाळी 8 दिवसांचे पाच नर खच्ची केले. भूल न देता, आमच्या वाड्यावर वर्षानुवर्षं करतात तसेच. चौथ्याची किंकाळी ऐकवेना म्हणून बायको घरात निघून गेली. दुपारपर्यंत ते पिल्लू आईला लुचलं नाही, कोपऱ्यात मागचे पाय आखडून उभं. माझं मत ठाम आहे: सहाव्या महिन्यात कापायचा असेल तर नराला हात लावू नये. तो कमी खाद्यात जास्त वाढतो, चरबीही कमी धरतो. ब्रिटन-आयर्लंडात बहुतेक नर असेच वाढवतात.

चोरीसवाली (डुकराच्या मांसाचे सॉसेज विकणारी), मडगाव: दादा, तिकडे तो वयात यायच्या आत कापतात. आपलं गिऱ्हाईक येतं नाताळला, फेस्ताला, लग्नाला. तोवर नर बांधून राहतो आणि वयात येतो. मी असा एक घेतला होता. चरबी कढईत पडली आणि घरभर मुताचा वास! ते सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचं तिखट-आंबट कालवण, ज्यांना दिलं ती माणसं पुन्हा आली नाहीत. व्हिनेगर-मिरचीत वास मुरतो म्हणणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी भांडं गरम करून बघावं.

गुरांची डॉक्टर, फोंडा: वासाला कारण दोन द्रव्यं. अँड्रोस्टेनोन वृषणात तयार होतं, स्कॅटोल आतड्यात. गोठा कोरडा, स्वच्छ ठेवलात तर स्कॅटोल कमी होईल, अँड्रोस्टेनोन नाही. काही माणसांना त्याचा वास मुळीच येत नाही, म्हणून स्वतः चाखून खात्री धरू नका. वजनावरही जाऊ नका. आपलं गावठी डुक्कर अंगानं लहान, पण लवकर वयात येतं. पातं नको असेल तर वृषणांचं काम थांबवणारी लस आहे, ऑस्ट्रेलियात 1998 पासून वापरतात. दोन डोस, मध्ये किमान 4 आठवडे. दुसऱ्यानंतर 4 ते 6 आठवड्यांनी कापायचं.

सांगेकर: डॉक्टर, माझी यॉर्कशायर या विलायती जातीच्या संकराची आहेत. ताई, नाताळचं मान्य, पण ती अडचण विणीची आहे, नराची नाही. मार्चच्या सुरुवातीला डुकरीण नराला दाखवली की 114 दिवसांनी, जूनअखेरीस विते. नाताळला पिल्लं सहा महिन्यांचीच होतात.

चोरीसवाली, मडगाव: आणि पावसात पिल्लं दगावली तर? तरी दोन नर तसेच ठेवा. कापल्यावर दोघांच्याही पाठीची चरबी माझ्यासमोर तव्यावर टाका. वास आला नाही तर दोन्ही मी घेईन. आला तर पुढच्या विणीला मला विचारू नका.

सांगेकर: ठेवतो. तवा तुमचाच आणा.