पोहता येत नसेल तरी जॉली बॉय
अंदमानात स्नॉर्केलिंगला (मास्क आणि श्वासाची नळी लावून, पाण्यावर तरंगत खालचं प्रवाळ बघायला) एलिफंट बीचवर जावं की जॉली बॉय बेटावर, आणि पोहता न येणाऱ्यांनी काय करायचं, असं एकाने विचारलंय. माझं मत जॉली बॉयला. वंडूरच्या जेट्टीवरून बोट सुटते. वनखात्याचा परवाना आधी काढा, सोमवारी बंद असतं. प्लास्टिकला कडक बंदी आहे, त्यामुळे पाण्याला स्टीलची बाटली न्या.

पोहण्याचं म्हणाल तर गाईड रबरी रिंगला धरून ओढत नेतो, आपण फक्त तोंड पाण्यात घालायचं. तोंडाने श्वास घ्यायची सवय व्हायला थोडा वेळ लागतो, घाबरून लगेच मास्क काढू नका. मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये हमखास पाणी शिरतं (काकालोकांनी घरूनच सफाचट करून निघावं!). प्रवाळावर पाय मात्र ठेवू नका. ते जिवंत असतं, आणि कापतंही. पावसाळ्यात जात असाल तर जॉली बॉयऐवजी रेडस्किन बेटावर नेतात.