लॉबीतला तक्ता आणि 'हॅलो'ची भानगड

ए-२०३ ताई: मंडळी, गणपतीत मुलं लॉबीत तक्ता लावणार आहेत, 'जगभरातलं हॅलो'. यादी टाकतेय. चुकलं असेल तर आत्ताच सांगा, स्केचपेनने लिहून झाल्यावर नको 🙏
जपानी – मोशी मोशी, इटालियन – चाओ, थाई – सवादी, चिनी – नी हाओ, झुलू – सावुबोना, मराठी – नमस्ते

बी-५०१ काका: मराठी नमस्ते?? कधीपासून? नमस्कार म्हणतो आपण.

सी-३०४ दादा: ताई, मोशी मोशी फोनवरचं आहे. मी दोन वर्षं ओसाकात होतो. समोरच्याला तसं म्हटलं तर 'अहो, लक्ष कुठंय?' असं वाटतं. दुपारी कोन्निचिवा. आणि ऑफिसात दिवसभर एकमेकांना 'ओत्सुकारे सामा', म्हणजे साधारण 'दमलात हो'. मला तेच जास्त आवडायचं.

ए-१०२: आपल्या ऑफिसात असं कोणी म्हणालं तर मी रडेन 😄

बी-५०१ काका: फोनचं म्हणाल तर हॅलोसुद्धा फोनमुळेच एवढं पसरलं. १८७७ मध्ये एडिसनने ते सुचवलं. खुद्द फोन शोधणाऱ्या ग्रॅहॅम बेलला 'अहॉय' हवं होतं, जहाजावर मारतात ती हाक.

ए-१०२: अहॉय, सिलिंडर आला का?

सेक्रेटरी: उद्या सकाळी १० ते १ टाकी सफाई. पाणी भरून ठेवावे.

ए-२०३ ताई: 👍 काका, बाकीचं बरोबर आहे ना?

बी-५०१ काका: थाई म्हणजे आपलं 'स्वस्ति'च. पण फार जुनं नाही बरं. बँकॉकच्या चुलालोंगकोर्न विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी रूढ केलं आणि १९४३ मध्ये सरकारने अधिकृत केलं. पुढे पुरुषांनी 'ख्रप' लावायचं, बायकांनी 'खा'.

ए-१०२: बायकांनी खा 👌 ठरलं

बी-५०१ काका: चाओ मूळचं व्हेनिसचं, अर्थ 'तुमचा दास'. जुन्या पत्रांत शेवटी 'आपला आज्ञाधारक' असायचं, तसलंच. पण अनोळखी माणसाला चाओ नको. बॉनजॉर्नो लिहा.

सी-३०४ दादा: सावुबोना म्हणजे शब्दशः 'आम्ही तुला पाहिलं'. एकाच माणसासाठी. लॉबीत सगळेच येणार, मग 'सानिबोनानी' पाहिजे. उत्तर 'येबो', म्हणजे हो.

ए-२०३ ताई: अरे देवा, सहापैकी चार बदलले! आता मराठीचं बोला.

बी-३०२: रामराम लिहा. आमच्या गावी दुसरं काही चालतच नाही.

ए-४०१: आमच्याकडे जय भीम. ते राहू नये.

बी-२०१ काकू: वारीत 'राम कृष्ण हरी', आणि माऊली म्हणून एकमेकांच्या पाया पडतात.

बी-५०१ काका: २०२२ च्या २ ऑक्टोबरपासून सरकारी कर्मचाऱ्यांनी फोनवर हॅलोऐवजी 'वंदे मातरम्' म्हणावं, असं ठरलं होतं.

ॲडमिन: ग्रुपवर राजकारण नको 🙏

बी-५०१ काका: राजकारण कुठलं? शासन निर्णय सांगतोय.

सी-३०४ दादा: चिनी राहिलं. नी हाओ बरोबर आहे, पण तिथली जुनी माणसं भेटल्यावर 'छ्र ल मा' विचारतात. म्हणजे जेवलात का?

सी-१०२ आजी: हे तर आपलंच की रे. आमच्या सासूबाई दारात पाऊल पडलं की विचारायच्या, जेवलास का. उन्हातून आलेल्याला आधी गूळपाणी, मग नाव गाव. नमस्कार चमत्कार नंतर.

ए-१०२: खरंय. मी आईला फोन केला की हॅलोच्या आधी 'जेवलीस का' येतं. रात्री साडेअकरालासुद्धा.

ए-२०३ ताई: मुलं हट्टाला पेटलीत, मराठीच्या ओळीत 'काय, जेवलात का?' मोठ्ठं लिहायचं. रामराम, जय भीम, नमस्कार सगळं खाली, रंगीत.

बी-५०१ काका: चालेल. स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्ह विसरू नका.

ए-१०२: आणि वाचून कोणी 'नाही' म्हणालं तर?

सी-१०२ आजी: माझ्याकडे पाठवा. पण एकच्या आत, नंतर मी झोपते.