‘सोयाबीन मोडा, झेंडू लावा, 60 दिवसांत अडीच लाख’: या हिशोबात तोडणी कुठंय?

मांजराकाठ
चार दिवस झाले ही पोस्ट सगळ्या ग्रुपवर फिरायलीय. फेटा बांधलेला माणूस, मागं केशरी रान, आणि खाली लिहिलंय एक एकर झेंडू, 60 दिवसांत अडीच लाख. मी सोडून देणार होतो पण माझ्या चुलतभावानं ती वाचून रोपवाटिकेत बयाणा देऊन टाकला म्हणून लिहायलोय. अहो 60 दिवसांत तर फक्त तोडा सुरू होतो, लागणीपासून पहिलं फूल यायलाच दीड-पावणेदोन महिने जातात. त्या पोस्टवाल्यानं दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा भाव धरला आणि त्याला सगळ्या हंगामाच्या वजनानं गुणलं. दसऱ्याचा भाव दोन-तीन दिवस असतो. सणाच्या दुपारनंतर तोच माल कुणी फुकट उचलत नाही, टेम्पोवाले रस्त्याच्या कडेला ओतून मोकळे होतात हे लातूर, नांदेड, संभाजीनगर कुठंही जाऊन बघा. आणि 2025 चं काय झालं? 22 सप्टेंबरला घट बसले आणि तेव्हाच अख्खा मराठवाडा पाण्यात. रानात पाणी थांबलं की झेंडूची मूळकूज सुरू, जे फूल वाचलं ते पाणी पिऊन काळं पडलेलं, काट्यावर ओल्या मालाची घट वेगळी. सोयाबीनला विमा तरी आहे, 2025 च्या हंगामाला क्विंटलला 5328 चा हमीभाव कागदावर का होईना होता. झेंडू विम्याच्या यादीतच नाही. गरिबाला असल्या पोस्टा दाखवून रोपं खपवायचा धंदा आहे हा.

सीमेवरचा
दादा पोस्ट खोटी आहे ते मान्य, पण तुम्ही फुलशेतीलाच झोडपायलाव ते पटलं नाही. तुमचा हिशोब पाच एकरवाल्याचा आहे. आम्ही देगलूरकडचे, घराला एकर, त्यात भावाचं अर्धं. 20 गुंठ्यात सोयाबीन किती होतं, चांगलं वर्ष असलं तर चार-पाच पोती, चार हजाराच्या भावानं वीस हजार, ते पण वर्षातून एकदा आणि दुकानदाराची उधारी फेडून हातात काय राहतं सांगा. फुलाची पट्टी, म्हणजे अडत्याकडची विक्रीची पावती, एक दिवसाआड येते. बहिणीच्या कॉलेजची फी, आईच्या बीपीच्या गोळ्या, ठिबकचा हप्ता सगळं त्यातून गेलं. आणि आम्ही दसऱ्यावर बसत नाही. आमचा माल रात्रीच्या गाडीनं हैदराबादला गुडीमल्कापूरच्या फुलबाजारात जातो, तिकडं बतुकम्मा हा तेलंगणातला फुलांचा सण सर्वपित्रीलाच सुरू होतो, म्हणजे आपले घट बसायच्या आधी तिथं उठाव असतो. पाण्याची खात्री नाही त्या तुकड्यात गलांडा (गॅलार्डियाची फुलं) लावतो, तो कमी पाण्यावर तग धरतो आणि महिनोन्‌महिने थोडा थोडा तुटतो. भाव कमी असतो पण बंद पडत नाही.

कोरडवाहू
फुलं चांगली का वाईट हा प्रश्नच नाही, पाणी कुणाला मिळतं हा प्रश्न आहे. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं विसरलात का सगळे? त्या वर्षी पण मांजरेच्या पट्ट्यात ऊस उभा होता. झेंडू चार महिन्यांत रान मोकळं करतो, ऊस वर्षभर पाणी पितो, तरी बँक उसाला लगेच पैसे देते आणि फुलाला म्हणते तारण काय. कारखाना आहे म्हणून ऊस आहे, दुसरं काही नाही.

मांजराकाठ
कोरडवाहू साहेब उसाचा धागा वेगळा काढा, तिथं मी येतो. आणि ज्याच्याकडं पाणी आहे त्यानं ऊस का लावला हे त्याला विचारा, तोडीवाले येऊन उसात घुसतात, घरच्यांना पहाटे उठावं लागत नाही.

लेक परभणीची
शेवटी कुणीतरी पहाटेचं नाव काढलं. मी वाट बघत होते. सीमेवरचे भाऊ, तुमच्या 20 गुंठ्यात तोडणी कोण करतं? लिहिलं नाहीत. मी सांगते. माझ्या माहेरी झेंडू आणि शेवंती आहे. दव असतानाच वावरात जायचं कारण ऊन चढल्यावर तोडलेलं फूल गाडीत मलूल पडतं. आई, वहिनी, लग्नाआधी मी. ओच्यात फुलं, साडी गुडघ्यापर्यंत ओली, आणि देठ खुडून खुडून अंगठ्याच्या नखाखाली काळंहिरवं बसतं ते लिंबानं घासलं तरी जात नाही. भाकरी थापताना पिठाला झेंडूचा वास यायचा म्हणून आजोबा चिडायचे, आईवर. ते करून पुन्हा पोरांचे डबे, जनावरं, दुपारी खुरपण. आणि पट्टीवर नाव वडलांचं, पैसे वडलांच्या खात्यात. खर्चाच्या वहीत रोपं, मल्चिंग, औषध, क्रेट, गाडीभाडं, हमाली सगळं लिहिलेलं. तोडणी शून्य. मग म्हणायचं फुलं परवडतात.

सीमेवरचा
ताई घरची माणसं घरच्या रानात राबतात त्याला मजुरी कसली? मग मी रात्री गाडी भरतो, लाईट आली की दोनला मोटर चालू करायला जातो, साप-विंचवात फिरतो, त्याची मजुरी कोण देतं मला? असं धरायला लागलो तर कुठलंच पीक परवडत नाही.

लेक परभणीची
बरोबर बोललात, परवडत नाही, तेच तर शेतकरी ओरडून सांगायलेत. तुमची पण धरा ना, कोण नको म्हणतंय. सरकार हमीभाव काढतं तेव्हा ए-टू प्लस एफ-एल धरतं, त्यातलं ए-टू म्हणजे खिशातून झालेला खर्च आणि एफ-एल म्हणजे घरच्यांची मजुरीच. दिल्लीतला कृषिमूल्य आयोग माझ्या आईचं काम खर्चात धरतो आणि तिचा नवरा धरत नाही. आमच्याकडं बाईचा रोज तीनशे आहे. दोन बायका, एक दिवसाआड अर्धा दिवस, दोन-अडीच महिने, करा गुणाकार.

वावर20गुंठे
घरातली भांडणं इथं कशाला आणायलाव. आमच्या घरात बाया आनंदानं जातात वावरात, कुणी जबरदस्ती करत नाही. शहरात गेलं की असले मुद्दे सुचतात.

लेक परभणीची
मी शहरात नाही, मानवत तालुक्यात नांदते आणि आज सकाळी पण वावरात होते. आनंदानं जातात असं तुम्ही सांगायलाव, त्यांना इथं लिहू द्या की. वहिनीला मणक्याचा त्रास सुरू झाला तेव्हा डॉक्टरनं वाकायचं बंद करा म्हटलं, तर दोन दिवसांनी गणपतीचा तोडा होता. ती गेली. आनंदानं नाही गेली.

फुलवाला तुळजापूर
मी हार विकतो, नवरात्र आणि पौर्णिमेला आमची वर्षाची कमाई. शेतकऱ्याला भाव का मिळत नाही तर प्लास्टिक. मंगल कार्यालयात जाऊन बघा, स्टेज सगळा प्लास्टिकचा, धुऊन पुन्हा लावतात. 2025 च्या पावसाळी अधिवेशनात बंदीची मागणी झाली, आमदार बोलले, पण दुकानातल्या माळा तशाच लटकायल्यात. आणि मंदिरं बंद होती तेव्हाचं विसरू नका, 2020 ला पाडव्याच्या दिवशीच लॉकडाऊन लागला, तोडलेला माल जागेवर सडला, मंदिरं उघडली थेट दिवाळीच्या पाडव्याला. मधला दसरा गेला. फूल नाशवंत आहे, सोयाबीन पोत्यात भरून थांबता येतं.

वावर20गुंठे
प्लास्टिकचं एकदम खरं. बाकी सोडा, बंदी पहिली पाहिजे.

लेक परभणीची
बंदी पाहिजेच. पण प्लास्टिक बंद होऊन किलोला वीस रुपये वाढले तर ते पण त्याच खात्यात जाणार ना?

कोरडवाहू
ताईंचा मुद्दा जुनाच आहे आणि आपल्याच चळवळीतला आहे. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती काढली तेव्हा गावंच्या गावं बायकांच्या नावावर जमीन करायला पुढं आली. माझ्या वडलांनी केली होती. आता सातबाऱ्यावर बाईचं नाव आहे म्हणून आम्हाला कुणी नावं ठेवली नाहीत का वावर वाळलं नाही.

सीमेवरचा
सगळे मिळून मलाच धरायलाव. मी अडीच लाखाची पोस्ट टाकली नव्हती. पण ठीक आहे, रात्री बसून गेल्या हंगामाच्या पट्ट्या काढल्या आणि आई-बहिणीची तोडणी तीनशेच्या अर्ध्यानं धरली. सोयाबीनपेक्षा फुलं तरी पुढंच आहेत, हे नीट वाचा. जेवढी पुढं म्हणत होतो तेवढी नाहीत, एवढंच. आणि एकरभर लावलं असतं तर बाहेरच्या मजुरीतच गेलं असतं, अख्ख्या एकराचा हिशोब खोटा हे मांजराकाठ दादांचं खरं आहे. घरच्या हातांना जेवढं झेपतं तेवढंच लावावं, आमच्यात दहा गुंठ्यांच्या वर एका वेळी तोडाच होत नाही.

मांजराकाठ
हेच मी चुलतभावाला सांगायलो. बयाणा दिलाच आहे तर एकर एकदम लावू नको, दहा गुंठे आता, आणखी दहा गुंठे पंधरा दिवसांनी, म्हणजे सगळा माल एका सणावर येऊन पडत नाही. बेड उंच कर, पाणी निघायला चर काढ. आणि बाकीच्या रानात सोयाबीन-तूर राहू दे. तो म्हणतो पोस्टमधला माणूस अख्ख्या एकराचं सांगतो. त्या माणसानं एक तरी पट्टी टाकावी, तारखेसकट, मग बोलू.

लेक परभणीची
सीमेवरचे भाऊ, तुम्ही हिशोब मांडलात, बरं वाटलं. आता ते तीनशेचे अर्धे आईच्या खात्यात टाकणार का वहीतच ठेवणार?

सीमेवरचा
आईचं खातं आहे, निराधारच्या पैशासाठी काढलेलं. अडत्याला सांगतो पुढची पट्टी तिच्या नावानं कर म्हणून. गाडीभाडं आणि ठिबकचा हप्ता मात्र त्यातूनच जाणार, ते मी खिशातून भरणार नाही.

लेक परभणीची
जाऊ द्या त्यातून. बहिणीचं पण खातं काढा, तोडणी ती पण करते.