एमआरआयने गाठीचं काय कळतं

परभणीच्या दादांनी विचारलंय, धाकट्या भावाच्या अंडकोषात सोनोग्राफीत गाठ दिसली. एमआरआय केला तर ऑपरेशन टळेल का? कधीकधी टळतं, किंवा किमान अंडकोष तरी वाचतो. शिरेतून गॅडोलिनियम हे एमआरआयत गाठ उठून दिसावी म्हणूनचं औषध दिल्यावर एपिडर्मॉइड सिस्ट ते घेतच नाही, आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. ती साधी गाठ, म्हणजे कॅन्सर नव्हे. लायडिग पेशींची (अंडकोषातल्या, पुरुषी हार्मोन बनवणाऱ्या पेशींची) गाठ, बहुतेकदा साधीच, औषध झटकन घेते आणि सावकाश सोडते. सेमिनोमा हा कॅन्सर मात्र सावकाश घेतो. तरी पक्कं निदान पॅथॉलॉजीतच, म्हणजे काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होतं. रक्तातलं एएफपी, बीटा-एचसीजी, एलडीएच हे या कॅन्सरात वाढू शकणारे घटक आधी तपासा. अंडकोषाच्या पिशवीतून सुई घालून तुकडा काढू देऊ नका, कॅन्सर असला तर पसरण्याची भीती असते. आणि लाजेपायी किंवा एमआरआयच्या तारखेपायी दिवस घालवू नका हो. संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात लगेच दाखवा.